लहान मासेमारी नौकेवरचा वायरलेस: पहिल्यांदा दर्यावर जाणाऱ्यांसाठी

कोकण किनाऱ्यावरून पहाटे निघून संध्याकाळी परतणाऱ्या लहान नौकांवर आज मोबाइल फोन असतोच, आणि बहुतेक जण त्याच्याच भरवशावर बंदर सोडतात. किनाऱ्यालगत तो चालतोही. पण टॉवरची रेंज सुटली की त्याचा उपयोग संपतो, आणि रेंज असली तरी त्यावरून एका वेळी एकाच माणसाला, तेही त्याचा नंबर ठाऊक असेल तरच, हाक मारता येते. दोन मैलांवर जाळे ओढत असलेल्या अनोळखी नौकेला तुमचे इंजिन बंद पडल्याचे फोनवरून कळवता येत नाही. सागरी व्हीएचएफ रेडिओ, ज्याला बंदरावर सगळे वायरलेस म्हणतात, नेमके हे काम करतो. एकदा बटण दाबून बोलले की टप्प्यातल्या आणि त्याच चॅनेलवर असलेल्या प्रत्येक चालू सेटवर ते ऐकू जाते, मग तो सेट मच्छीमाराचा असो, मालवाहू जहाजाचा असो किंवा तटरक्षक दलाच्या गस्ती नौकेचा असो. मदतीला सर्वांत आधी पोहोचू शकणारी नौका बहुधा जवळच मासेमारी करत असते. तिच्यापर्यंत आवाज पोहोचवणे हा या साधनाचा पहिला उपयोग होय.

हा लेख एक किंवा दोन सिलिंडरच्या इंजिनावर अथवा आउटबोर्ड मशीनवर चालणाऱ्या, साधारण पंधरा-वीस सागरी मैलांच्या आत मासेमारी करणाऱ्या नौकांवरील नवख्या खलाशांसाठी आणि तांडेलांसाठी, म्हणजे नौकेच्या प्रमुखांसाठी, आहे. त्यापलीकडे जाणाऱ्यांना व्हीएचएफ पुरत नाही. त्यांच्यासाठी उपग्रहावर चालणारी साधने लागतात आणि त्यांचा विचार पुढे केला आहे.

कोणता सेट घ्यावा

सागरी व्हीएचएफ दोन प्रकारांत मिळतो. नौकेत पक्का बसवायचा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि त्याची प्रक्षेपणशक्ती २५ वॅटपर्यंत असते. हातात धरायचा सेट साधारण ५ किंवा ६ वॅटचा असतो आणि त्याची बॅटरी त्याच्यातच असते. नौकेवर बॅटरी आणि सेटला पावसापाण्यापासून वाचवणारी केबिन असेल, तर पक्का सेट घ्यावा. उघड्या होडीवर पक्का सेट खाऱ्या पाण्याने लवकर खराब होतो. तिथे पाण्यात न बुडता तरंगणारा आणि आयपीएक्स ७ किंवा त्यावरच्या दर्जाचा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही चालणारा, हातातला सेट घेणे शहाणपणाचे ठरेल. पैशांची सोय झाली की पक्क्या सेटच्या जोडीला हातातला सेट ठेवावाच, कारण नौकेत पाणी शिरले की बॅटरी आधी बुडते आणि पक्का सेट नेमक्या गरजेच्या क्षणी मुका होतो.

खरेदी करताना एका गोष्टीवर मी आग्रहाने बोलतो. बाजारात स्वस्त वॉकीटॉकी भरपूर मिळतात, त्यांवरून आपल्याच गटातल्या नौकांशी गप्पा चांगल्या होतात आणि म्हणून ते घेतलेही जातात. पण ते सागरी चॅनेलवर चालण्यासाठी बनवलेले नसतात. त्यांवरून केलेली हाक जहाजाला ऐकू जात नाही आणि तटरक्षक दलालाही ऐकू जात नाही, शिवाय त्यांतल्या बहुतेकांचा परवान्याविना वापर कायद्यात बसत नाही. सेटच्या खोक्यावर तो सागरी व्हीएचएफ असल्याचे स्पष्ट लिहिलेले हवे आणि त्यात संकटाच्या हाकेचे चॅनेल १६ आयते असायला हवे. रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून घ्यावा लागतो. अर्जाची कागदपत्रे गोळा करताना मच्छीमार सहकारी संस्थेची आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाची मदत घ्यावी, म्हणजे हेलपाटे वाचतात.

दुकानातून आणलेल्या सेटमध्ये चॅनेलची मांडणी अमेरिकी, कॅनडाची आणि आंतरराष्ट्रीय अशा प्रकारांची असू शकते. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मांडणीच लागते, जी पडद्यावर इंग्रजी ‘आयएनटी’ या अक्षरांनी दिसते. सेट चुकून अमेरिकी मांडणीवर राहिला तर चॅनेल १६ नीट चालते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण काही इतर चॅनेलवर आपण बोलतो एका लहरीवर (फ्रिक्वेन्सीवर) आणि समोरचा ऐकतो दुसऱ्या लहरीवर, आणि सेटमध्ये बिघाड आहे असे समजून तो दुरुस्तीला नेला जातो. पहिल्या दिवशीच ही मांडणी तपासून घ्यावी.

शक्य असेल तर डीएससी, म्हणजे अंकीय हाक देण्याची सोय असलेला सेट घ्यावा. त्यात एका झाकणाखाली लाल बटण असते. झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरले की सेट आपोआप चॅनेल ७० वरून संकटाचा संकेत पाठवतो आणि कोणी पोच देईपर्यंत साधारण चार-चार मिनिटांनी तो पुन्हा पाठवत राहतो. मात्र या बटणामागे दोन अटी आहेत. सेटमध्ये नौकेचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची तिची ओळख, भरलेला असला पाहिजे, जो भारतीय नौकांच्या बाबतीत ४१९ ने सुरू होतो. आणि सेटला जीपीएसकडून नौकेची जागा कळत असली पाहिजे. काही सेटमध्ये जीपीएस आतच असतो, इतरांना बाहेरच्या जीपीएसची तार जोडावी लागते. ती तार न जोडता लाल बटण दाबले तर कोणीतरी संकटात आहे एवढेच जगाला कळते, कुठे आहे ते कळत नाही.

अँटेना, केबल आणि बॅटरी

नवख्या माणसाला वाटते की जास्त वॅटचा सेट म्हणजे जास्त लांबचा टप्पा. व्हीएचएफच्या लहरी मात्र जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईआड गेलेल्या नौकेपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून टप्पा ठरतो तो मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर. ढोबळ हिशेब सोपा आहे. अँटेना पाण्यापासून जितके मीटर उंच असेल त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे, त्याला चाराने गुणावे, आणि बोलणाऱ्या व ऐकणाऱ्या अशा दोन्ही बाजूंचे उत्तर एकत्र करावे. आलेली बेरीज म्हणजे किलोमीटरमधला टप्पा. दोन्ही नौकांवर चार मीटर उंच अँटेना असेल तर आठ आणि आठ मिळून सोळा किलोमीटर, म्हणजे जेमतेम नऊ सागरी मैल. किनाऱ्यावरच्या केंद्राची अँटेना डोंगरावर, समुद्रसपाटीपासून शंभर मीटर उंच असेल तर चाळीस आणि आठ मिळून अठ्ठेचाळीस किलोमीटर, म्हणजे सुमारे सव्वीस सागरी मैल. होडीत बसून हातातल्या सेटवरून बोलणाऱ्याची अँटेना पाण्यापासून दीड मीटरवरच असते, त्यामुळे तसाच सेट घेतलेल्या दुसऱ्या होडीपर्यंतचा टप्पा पाच सागरी मैलांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात लाटा, ओली केबल आणि कमकुवत बॅटरी यांमुळे तो आणखी घटतो.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. अँटेना नौकेवरच्या सर्वांत उंच जागी, उभी आणि लोखंडी दोरांपासून दूर बसवावी. आणि हातातल्या सेटवरून हाक पोहोचत नसेल तर, तोल सांभाळता येत असेल तेव्हा, उभे राहून सेट सरळ उभा धरून पुन्हा बोलावे. त्याने अनेकदा फरक पडतो. आडवा धरलेला सेट निम्म्याहून अधिक ताकद वाया घालवतो. अँटेना घेताना दुकानदार ६ किंवा ९ डीबीची (अँटेना शक्ती किती एकवटते त्याचे हे माप) महागडी काठी सुचवतो, परंतु ती आपली शक्ती क्षितिजाकडे अरुंद पट्ट्यात फेकते आणि लहान नौका डोलली की तो पट्टा कधी आकाशात तर कधी पाण्यात जातो. आपल्या नौकांना ३ डीबीची अँटेना अधिक मानवते. अँटेना न जोडता बोलण्याचे बटण कधीही दाबू नये, सेटचा प्रक्षेपण भाग जळू शकतो.

बंद पडलेल्या सेटमध्ये दोष फार वेळा केबलच्या टोकाला सापडतो. सेटच्या मागे जिथे केबल फिरकीने बसवतात तो जोड काढून पाहावा: आतली टाचणी स्वच्छ असली पाहिजे. तिच्यावर हिरवट पूड दिसली, किंवा जाळीदार तार काळी पडून हाताला भुसभुशीत लागली, तर खारे पाणी केबलच्या आत चढले आहे असे समजावे. वरवर पुसून काही होत नाही. खराब झालेला तुकडा कापून नवा जोड डाखावा लागतो, आणि काळेपणा लांबवर गेला असेल तर सबंध केबल बदलावी लागते. नवा जोड बसवल्यावर त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. पावसाळी बंदीच्या काळात सेट घरी कोरड्या जागी ठेवावा आणि नारळी पौर्णिमेची वाट न पाहता, हंगामाच्या किमान आठ दिवस आधी तो जोडून तपासावा, म्हणजे बिघाड निघाला तर तो दुरुस्त करायला वेळ मिळतो.

बॅटरी वाचवण्यासाठी सेट बंद ठेवण्याची सवय किनाऱ्यावर सर्वत्र दिसते आणि ती घातक आहे. २५ वॅटवर बोलताना सेट पाच-सहा अँपिअर खेचतो हे खरे, पण नुसता ऐकत राहताना त्याला सुमारे अर्धा अँपिअरच लागतो. दहा तासांच्या फेरीत ऐकण्याचा खर्च पाच अँपिअर-तासांच्या आसपास जातो. चांगल्या स्थितीतल्या मोठ्या बॅटरीला तो जाणवतही नाही. सेट बंद ठेवलेल्या दहा नौका जवळपास असल्या तरी अकराव्या नौकेची हाक कोणालाच ऐकू जाणार नाही. आपला सेट चालू असणे ही दुसऱ्याच्या जिवाची सोय आहे, आणि त्याचा चालू सेट ही आपल्या जिवाची. म्हणून बंदर सोडताना सेट चालू करावा आणि परत नांगर पडेपर्यंत तो बंद करू नये.

धक्का सोडण्यापूर्वी

सेट चालू करून आवाज मध्यम ठेवावा. मग ‘स्क्वेल्च’ नावाची फिरकी पूर्ण मोकळी करावी, म्हणजे सतत खरखर ऐकू येईल, आणि ती हळूहळू फिरवत खरखर जेमतेम थांबेल तिथेच सोडावी. कटकट नको म्हणून ती आणखी पुढे फिरवली तर खरखरीबरोबर दूरच्या नौकेचा क्षीण आवाजही कापला जातो. कोणी अडचणीत असल्याची शंका आली, तर फिरकी पुन्हा मोकळी करून खरखर सहन करत ऐकावे.

चॅनेल १६ लावावे. त्याची लहर १५६.८०० मेगाहर्ट्झ आहे आणि जगभर ते संकट, सुरक्षा व पहिली हाक यांसाठी राखलेले आहे. रोजच्या बोलण्यासाठी आपल्या बंदरातल्या नौकांनी दुसरे चॅनेल ठरवून घ्यावे. नौका-नौकांमधल्या बोलण्यासाठी ७२ आणि ७७ ही चॅनेल आंतरराष्ट्रीय मांडणीत दिलेली आहेत. ‘ड्युअल वॉच’ची सोय असेल तर ती चालू ठेवावी, म्हणजे सेट ठरलेल्या चॅनेलबरोबर १६ वरही कान ठेवतो. बंदरात बोलताना शक्ती १ वॅटवर ठेवावी आणि बाहेर पडल्यावर ती वाढवावी. चाचणीसाठी चॅनेल १६ अडवू नये. शेजारच्या नौकेला ठरलेल्या चॅनेलवर हाक मारून ‘आवाज कसा येतो’ एवढे विचारावे. दोन्ही नौका धक्क्याला लागलेल्या असताना घेतलेली चाचणी फारसे काही सांगत नाही, कारण इतक्या जवळ तुटकी अँटेनाही चालते; दोन-तीन मैल बाहेर गेल्यावर पुन्हा विचारावे.

बोलण्याची रीत

या रेडिओवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबलेले असताना आपल्याला काहीच ऐकू येत नाही, आणि दोघांनी एकदम दाबले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून आधी चॅनेल रिकामे आहे का ते ऐकावे, बटण दाबून क्षणभर थांबावे, मग मायक्रोफोन तोंडापासून चार बोटे दूर आणि वाऱ्याच्या आड धरून, न ओरडता, सावकाश बोलावे. ओरडल्याने आवाज फाटतो. पहिली हाक अशी द्यावी: ‘जलदेवता, जलदेवता, ही दर्यासागर, दर्यासागर, ओव्हर.’ ओव्हर म्हणजे माझे बोलून झाले, आता तुम्ही बोला. उत्तर आले की लगेच सांगावे, ‘चॅनेल सात-दोनवर या’, आणि तिकडे जाऊन काय ते बोलावे.

आकडे एकेक करून बोलावेत. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, किंवा त्रेपन्न आणि त्रेसष्ट, खरखरीत सारखेच ऐकू येतात; पलीकडे तटरक्षक दलाचा जवान मराठी नसेल तर गोंधळ आणखी वाढतो. ‘पाच-तीन’ असे म्हटले की मराठी आणि हिंदी दोन्हींत ते कळते. हिंदीत बोलायला संकोच करू नये. हिंदी सफाईदार नसली तरी चालते. जागा, संकट आणि माणसांची संख्या कळली की काम होते.

बोलून झाल्यावर मायक्रोफोन त्याच्या खुंटीलाच अडकवावा. तो जाळ्याखाली किंवा टोपलीखाली दबला, बटण दाबलेलेच राहिले, तर इंजिनाची धडधड सबंध परिसराला ऐकू जात राहते आणि तेवढा वेळ त्या चॅनेलवर आसपास दुसरे कोणी बोलू शकत नाही. चॅनेल १६ वर असे घडणे ही गंभीर गोष्ट आहे. बराच वेळ सेटवर काहीच ऐकू आले नाही आणि प्रक्षेपणाचा दिवा लागलेला दिसला, तर आधी आपलेच बटण पाहावे.

संकटाची हाक

संकटाचे तीन दर्जे ठरलेले आहेत आणि प्रत्येकाचा शब्द वेगळा आहे. ‘मेडे’ हा शब्द जीव किंवा नौका तत्काळ धोक्यात असेल तेव्हाच वापरायचा: नौका बुडते आहे, आग लागली आहे, माणूस पाण्यात पडून दिसेनासा झाला आहे. ‘पॅन-पॅन’ हा शब्द प्रकरण तातडीचे आहे पण या क्षणी जिवावर बेतलेले नाही, अशा वेळी. इंजिन बंद पडून नौका मोकळ्या समुद्रात वाहते आहे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. तीच नौका वाहत खडकांकडे निघाली की प्रकरण मेडेचे होते, आणि तो निर्णय घ्यायला तांडेलाने उशीर करू नये. ‘सेक्युरिते’ हा शब्द इतरांना सावध करण्यासाठी आहे, उदाहरणार्थ पाण्यात अर्धवट बुडालेला कंटेनर किंवा ओंडका दिसला तर.

मेडे संदेशाचा क्रम ठरलेला आहे. तो असाच का, हे समजून घेतले की लक्षात राहतो: नाव आणि जागा आधी येते, कारण बॅटरी मध्येच गेली तरी तेवढ्यावरून शोध सुरू करता येतो. हर्णैसमोरच्या नौकेचा संदेश असा होईल:

मेडे, मेडे, मेडे.
ही मासेमारी नौका दर्यासागर, दर्यासागर, दर्यासागर.
मेडे, दर्यासागर.
जागा: एक-सात अंश, चार-आठ मिनिटे उत्तर; सात-दोन अंश, पाच-तीन मिनिटे पूर्व. हर्णै बंदराच्या पश्चिमेला एक-दोन, म्हणजे बारा, सागरी मैल.
नौकेत पाणी शिरते आहे, इंजिन बंद आहे.
ताबडतोब मदत हवी.
नौकेवर पाच माणसे.
नौका पांढरी, सर्वांनी लाइफ जॅकेट घातली आहेत.
ओव्हर.

सेटमध्ये डीएससी असेल तर आधी लाल बटण दाबावे आणि मग चॅनेल १६ वर, पूर्ण शक्तीवर, हा संदेश बोलावा. बोलून झाल्यावर बटण सोडून ऐकावे. घाबरलेला माणूस बटण दाबूनच ठेवतो आणि आलेले उत्तर त्याला ऐकू येत नाही. उत्तर आले नाही तर चॅनेल, शक्ती आणि अँटेनाचा जोड तपासून पुन्हा तसेच बोलावे. तरीही कोणी बोलले नाही तर ज्या चॅनेलवर नौकांची बोलणी चाललेली असतात तिथे जाऊन हाक द्यावी. संदेश फुकट गेला असे मानू नये. समोरच्याचे क्षीण उत्तर आपल्याला ऐकू येत नसले तरी आपला आवाज त्याला गेलेला असू शकतो.

जागा सांगताना एक चूक फार महाग पडते. मोबाइलवरचे नकाशे बहुधा अंश दशांशात दाखवतात आणि नौकेवरचा जीपीएस बहुधा अंश आणि मिनिटे दाखवतो. मोबाइलवर १७.४८ दिसले आणि ते ‘सतरा अंश अठ्ठेचाळीस मिनिटे’ असे वाचले, तर जागा एकोणीस सागरी मैल उत्तरेला सरकते, कारण ०.४८ अंश म्हणजे जेमतेम एकोणतीस मिनिटे आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. मोबाइलवरून वाचत असाल तर ‘एक-सात दशांश चार-आठ अंश’ असेच म्हणावे. आणि आकड्यांच्या जोडीला ओळखीची खूण नेहमी सांगावी: खांदेरीचे दीपगृह, जयगडचे टोक, वेंगुर्ल्याचे खडक. आकडा चुकला तर खुणेवरून तो सुधारता येतो.

हा संदेश जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, नौकेचे नाव आणि नोंदणी क्रमांक आधीच भरून, जागेसाठी रिकामी ओळ सोडून, प्लास्टिकमध्ये सील करून सेटशेजारी चिकटवावा. याचे कारण असे की पाण्यात पडलेला माणूस कदाचित तांडेलच असेल, आणि मागे उरलेल्या दोन खलाशांनी आयुष्यात कधी मायक्रोफोन हातात घेतलेला नसेल. म्हणून नौकेवरच्या प्रत्येकाने, वयाने सर्वांत लहान पोराने सुद्धा, सेट चालू करणे, १६ लावणे आणि कागद वाचणे या तीन गोष्टी बंदरात करून पाहाव्यात. सराव बटण न दाबता करावा.

दुसऱ्याची मेडे ऐकू आली तर लगेच मध्ये बोलू नये. वेळ आणि जागा लिहून घ्यावी आणि तटरक्षक दल किंवा किनाऱ्यावरचे केंद्र उत्तर देते का ते ऐकावे. कोणीच उत्तर दिले नाही तर आपण द्यावे, आणि ‘मेडे रिले’ असे तीनदा म्हणून, आपले नाव सांगून, संकटातल्या नौकेचा संदेश जसाच्या तसा पुढे पाठवावा. दोन लहान नौकांच्या मधोमध असलेली तिसरी नौका हा टप्पा दुप्पट करू शकते, आणि कित्येकदा मदत अशीच हलते. आपल्या हातून लाल बटण चुकून दाबले गेले तर भीतीने सेट बंद करून गप्प बसू नये. तसे केले तर शोध सुरूच राहतो. चॅनेल १६ वर आपले नाव सांगून संकेत चुकून गेल्याचे कळवावे.

मोठ्या जहाजांच्या मार्गाजवळ, विशेषतः मुंबई आणि न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या वाटेवर, रेडिओचा आणखी एक उपयोग आहे. जहाज अंगावर येत असल्याचे दिसले तर चॅनेल १६ वर आपली जागा आणि जहाजाची दिशा सांगून हाक द्यावी. पण उत्तराची वाट पाहत जागेवर थांबू नये. जहाजाला वळायला आणि थांबायला फार अंतर लागते; आपण बाजूला होणे, रात्री दिवे नीट लावणे आणि टॉर्च दाखवणे ही कामे आधी करायची.

हवामानाचा इशारा

भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी स्वतंत्र इशारे देतो आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. तीन नंबरचा बावटा लागला की लहान नौकांनी बाहेर पडू नये, हे जुन्या तांडेलांना सांगावे लागत नाही. प्रश्न येतो तो आधीच बाहेर गेलेल्यांचा. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ झपाट्याने तयार झाले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या असंख्य नौका खोल समुद्रात होत्या आणि त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचवण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्यांतल्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. पण शेकडो माणसे परत आली नाहीत. आपल्या किनाऱ्यानेही २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळाचा तडाखा सोसला आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मे महिना या काळात सेटवर कान ठेवणे म्हणूनच अधिक गरजेचे आहे. इशारा ऐकणाऱ्या नौकेने तो ठरलेल्या चॅनेलवर आपल्या शब्दांत पुन्हा सांगावा आणि बाहेरच्या नौकांनी तो पुढच्या नौकांना सांगावा. अशी साखळी बांधली की टप्प्याबाहेरच्या नौकेपर्यंतही बातमी जाते.

टप्प्याबाहेर जाणाऱ्यांसाठी

वीस-पंचवीस मैलांपलीकडे जाणाऱ्या नौकेवर उपग्रहाचे साधन हवेच. इस्रोने विकसित केलेला संकट-संकेतक, जो डॅट या नावाने ओळखला जातो, बटण दाबताच नौकेची जागा उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या चेन्नईतील केंद्राला कळवतो. त्याच्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात संदेश पोहोचल्याची पोच नौकेला परत मिळते, आणि घाबरलेल्या माणसांना त्या पोचेचा मोठा आधार वाटतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारे-घेणारे यंत्र, बसवण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिचे उद्दिष्ट एक लाख नौकांचे आहे आणि त्यातून दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ शकतात. आपल्या नौकेला तो मिळेल का, याची चौकशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे करावी. ही यंत्रे आली तरी व्हीएचएफ काढून टाकू नये. उपग्रह किनाऱ्याला कळवतो, शेजारच्या नौकेला नाही. आणि मदतीला आलेले हेलिकॉप्टर किंवा गस्ती नौका जवळ आली की तिच्याशी बोलायला चॅनेल १६ च लागते.

किनाऱ्यावरचा माणूस

निघताना घरातल्या किंवा संस्थेतल्या एका माणसाजवळ पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि रंग, नौकेवरच्या माणसांची नावे, कोणत्या बाजूला आणि किती वाव (खोलीचे माप) पाण्यात जाणार, कोणते चॅनेल ऐकणार, आणि परतण्याची वेळ. त्या वेळेनंतर किती थांबायचे तेही आधीच ठरवावे. लहान नौकेसाठी दोन तासांहून जास्त मुदत देऊ नये, असे मला वाटते, कारण अंधार पडल्यावर शोध फार अवघड होतो. मुदत संपण्याआधी त्याने बंदरातल्या दुसऱ्या नौकांना वायरलेसवरून हाक द्यायला सांगावे. मुदत संपल्यावर संकोच न करता तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करावा. सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांकही जवळ असावा. फोनवर तो कागदच वाचून दाखवावा. नंतर नौका सुखरूप आली, उशीर केवळ मासळी जास्त लागल्याने झाला असे कळले, तरी ते त्याच क्रमांकावर ताबडतोब कळवावे, म्हणजे शोधाला निघालेली नौका परत बोलावता येते.